समीक्षा टीव्हीत असते

जानेफळच्या इंद्रभान साहेबांनी बैठकीतल्या टीव्हीवर व्हिडिओ कॉल सुरू करायचं ठरवलं, त्यामागे त्यांचा हेतू अगदी निर्मळ होता. आपली लेक जरा मोठी दिसावी, एवढंच त्यांना हवं होतं.

लेक, म्हणजे समीक्षा, जर्मनीत एका दवाखान्यात नर्स होती. रोज संध्याकाळी तिचा कॉल यायचा आणि साहेबांच्या फोनवर तिचं तोंड बिस्किटाएवढं दिसायचं. त्यात फोनची काच तिरपी तडकलेली, त्यामुळे पोरीचं नाक कायम दोन तुकड्यांत. साहेबांना त्याचं फारसं काही वाटत नसे. पण त्यांची बायको अन्नपूर्णाबाई महिनाभरापासून बैठकीतल्या दिवाणावर पडून होती. धुण्याची बादली घेऊन उतरताना पायरीवरून पाय सटकला आणि घोट्याजवळ हाड मोडलं. मेहकरच्या डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही म्हणून बजावलं. तेव्हापासून त्या बाईला दिवसभरात बघण्यासारखं एकच उरलं होतं, संध्याकाळचं ते बिस्किट.

समीक्षाला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. फोनच्या चौकटीत चेहऱ्याच्या खालचं काही येत नाही, ही फोनची एक मोठी सोय आहे. तिला तिथे कायमची नर्स व्हायला एक परीक्षा द्यायची होती आणि ती तोंडावर आली होती. आईचं कळलं तर पोरगी पुस्तकं टाकून मिळेल त्या विमानाने येईल, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून परीक्षा होऊ द्यावी, मग सांगावं, असं ठरलं. साहेब पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. एखादा विषय पुढच्या सभेपर्यंत ठेवून देणं त्यांच्या अंगवळणीच पडलं होतं.

दुसरी एक गोष्ट होती, ती तर गावालाही माहीत नव्हती. साहेब स्वयंपाक करत होते.

ज्या माणसाला अजून अर्धं गाव रस्त्यात थांबून नमस्कार करतं, त्याने परातीत पीठ मळावं ही गोष्ट साहेबांच्या मते चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. समोरच्या तानाबाईने, "वहिनी तं पडून हाये, मंग जेवणाचं काय करता भाऊ?" असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मेव्हणीचा डबा येते बसनं." आता एकदा डबा येतो म्हटलं की तो येताना दिसायला हवा. म्हणून साहेब रोज सकाळी पिशवीत रिकामा डबा घालून बसस्टँडपर्यंत चक्कर मारत, आणि तोच रिकामा डबा जपून, जणू आतलं वरण सांडेल अशा बेताने घरी आणत. मग दार लावून घेत, परात बैठकीत आणत, आणि दिवाणावरची अन्नपूर्णाबाई सांगेल तसं मळत.

तर टीव्हीचं. बसस्टँडजवळ राजकुमारचं मोबाइलचं दुकान होतं. डिशच्या छत्र्या बसवण्यापासून फोनच्या काचा बदलण्यापर्यंत सगळं तो करायचा. त्याने विचारलं, "साहेब, टीव्ही साधा हाये का स्मार्ट?"

"टीव्ही ठीक हाये," साहेब म्हणाले, "पाहणाऱ्याचं मी सांगू शकत नाई."

राजकुमारने टीव्हीच्या डोक्यावर बसणारा एक कॅमेरा मागवून दिला. पण त्याला इंटरनेट लागतं, आणि ते फोनच्या इंटरनेटवर भागत नाही, वायर ओढावी लागते, हे कॅमेरा आल्यावर कळलं. वायरीसाठी एका कंपनीच्या नंबरावर फोन करायचा होता. साहेबांनी केला. तिकडून एका मशीनमधल्या बाईने गोड आवाजात सांगितलं की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आयुष्यभर 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असं ज्यांच्यातर्फे इतरांना सांगण्यात आलं, त्यांना हे वाक्य एवढ्या वेळा ऐकावं लागलं की शेवटी त्यांचा त्यावर विश्वास बसला. त्यांनी त्या बाईला दोनदा "आभारी आहे" म्हटलं. खरा माणूस लाइनवर आला तेव्हा साहेब पुरते थकून गेले होते, आणि आपण फोन कशासाठी केला हे त्यांना अन्नपूर्णाबाईला विचारावं लागलं.

वायर आली, तर ती खांबावरून तानाबाईच्या गच्चीवरून आणावी लागणार होती. उन्हाळा ऐन भरात होता आणि गच्चीवर तिच्या कुरड्या वाळत होत्या. तानाबाई म्हणाली, "माह्या कुरड्यायवरून लाइट जाऊ देणार नाई." त्यातून लाइट जात नाही, बोलणं जातं, हे राजकुमारने समजावलं. मग तर ती आणखीच बिथरली. लोकांचं बोलणं आपल्या कुरड्यांवरून का जावं, हा तिचा सवाल होता, आणि नीट विचार केला तर त्याला कुणाकडेच उत्तर नव्हतं. अखेर पहिल्या दिवशी समीक्षाला बघायला पुढच्या खुर्चीवर बसवायचं, या अटीवर तिने परवानगी दिली.

शेजारचे रामराव कचेरीतून निवृत्त झालेले. घरात कॅमेरा म्हणजे परदेशातल्या लोकांना घर उघडं करून देणं, असं त्यांचं मत पडलं. त्यांनी स्वतःचा एक धुतलेला पायमोजा आणून कॅमेऱ्यावर चढवला. "काम झालं की घालत जा, सुरक्षित राह्यते," ते म्हणाले. सतत पायमोजा काढायचं कोण लक्षात ठेवणार म्हणून साहेबांनी तो दुसऱ्याच दिवशी परत केला.

सगळी जोडणी झाली. साहेब समाधानाने टीव्हीकडे बघत उभे होते. तेवढ्यात दिवाणावरून अन्नपूर्णाबाई म्हणाली, "अवो, तिले आपण दिसू ना?"

"दिसूच ना. त्यासाठीच तं हाये."

"सगळे दिसू?"

साहेबांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग दिवाणाकडे, मग पांढऱ्या प्लास्टरकडे. आपण लेक पाहू, एवढंच ते इतके दिवस धरून चालले होते. लेक आपल्याला पाहील, हे त्यांच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

पण शेजारपाजारी आमंत्रणं गेली होती आणि समीक्षालाही कळवून झालं होतं. मागे फिरायची सोय नव्हती. मग दिवाणापुढे टीपॉय आला. टीपॉयवर जमिनीपर्यंत लोळणारा टेबलक्लॉथ आला, त्यावर प्लास्टिकची फुलं आली, आणि अन्नपूर्णाबाईच्या कमरेखाली एक जाड गोधडी आली. येणाऱ्या प्रत्येकाला दारातच बजावण्यात आलं की पायाचा विषय काढायचा नाही.

संध्याकाळी समीक्षा टीव्हीवर आली. केवढी तरी मोठी. कपाळावरचा लहानपणीचा व्रणसुद्धा दिसत होता. अन्नपूर्णाबाई नुसती बघत राहिली. पोरगी वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. बिस्किटात ते कधी दिसलं नव्हतं.

"आई, गोधडी काऊन घेतली तू?" समीक्षाने विचारलं. "तठी तं ऊन तापून राह्यलं ना?"

"कूलरचा वारा लागते," अन्नपूर्णाबाई म्हणाली. तिच्या कपाळावरून घामाची धार वाहत होती आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यात ती उत्तम दिसत असावी.

पुढच्या खुर्चीवरच्या तानाबाईला राहवेना. "पोरी, काय सांगू तुले, बिचारीचा पाय..."

रामराव मोठ्याने खोकले. तानाबाई भानावर आली. "पायजे तेवढा आराम भेटत नाई बिचारीले," तिने वाक्य पुरं केलं, आणि पदर तोंडाशी धरून पुढे कॉल संपेपर्यंत एक अक्षर बोलली नाही.

समीक्षा थोडा वेळ सगळ्यांकडे बघत होती. नर्सला रोज माणसं बघायची सवय असते. पण तिने काही विचारलं नाही.

पुढे दोन-चार दिवस बरे गेले. फक्त रिमोटचं जमेना. कॉल आला की साहेब गडबडीत नको ते बटण दाबत, कॉल कटे, नाहीतर टीव्हीवर भलताच सिनेमा लागे. एकदा तर समीक्षा हॅलो म्हणायच्या आत त्यांनी भाषा बदलली आणि टीव्ही त्यांच्याशी कुठल्याशा दक्षिणेकडच्या भाषेत बोलायला लागला. राजकुमारला पुन्हा बोलावलं. त्याने कॅमेऱ्यात काहीतरी करून ठेवलं आणि म्हणाला, "आता तुम्हाले काहीच करायची गरज नाई साहेब. पोरीचा कॉल आला की तो आपोआप उचलते."

टीव्हीवर चॅनल लागलेला असला तरीही तो आपोआप उचलतो, फक्त पडद्यावर चॅनलच दिसत राहतो आणि आवाजही चॅनलचाच येतो, ही बारीक गोष्ट मात्र सांगायची राहून गेली.

त्या दिवशी दुपारी टीव्हीवर कीर्तन चालू होतं. दार लावलेलं होतं आणि परातीला जागा व्हावी म्हणून टीपॉय तेवढ्यापुरता बाजूला सरकवलेला होता. साहेब बनियनवर, कमरेला टॉवेल गुंडाळून बैठकीत मांडी घालून बसले होते आणि कोपरापर्यंत पिठात होते. अन्नपूर्णाबाई दिवाणाच्या कडेला येऊन, प्लास्टरचा पाय खाली सोडून, परातीवर नजर ठेवून होती.

"पाणी जरा हात राखून घाला."

"राखूनच घातलं."

"मंग ते परातीच्या बाहेर काऊन जाऊन राह्यलं?"

साहेबांनी पाणी पिठाकडे वळवायचा प्रयत्न केला. पीठ त्यांच्या बोटांना धरून होतं, सोडायला तयार नव्हतं.

"आज पायाले मुंग्या येऊन राह्यल्या," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "बोटं बधिर झाल्यावानी वाटते."

"प्लास्टर हाये ते. वाटणारच."

"समीक्षाले इचारू का? दुसऱ्या कोणाचं हाये म्हणून?"

"परीक्षा होऊ दे. तिच्या डोक्याले कायले ताप."

"ते बी खरं हाये."

साहेब मळत होते. थोड्या वेळाने अन्नपूर्णाबाई म्हणाली, "काल भाकरी बरी झाली होती." ती झाली नव्हती. साहेबांना ते माहीत होतं. ते नुसते हं म्हणाले.

स्वयंपाकघरात फोन वाजला. बंद झाला, पुन्हा वाजला. साहेब उठले आणि पिठाच्या हातांनीच फोन कानाला लावून बाहेर आले.

"बाबा," समीक्षाचा आवाज शांत होता, जरा जास्तच शांत, "आधी आईचा पाय वर घ्या. गोधडीची घडी करा, लोडावर ठेवा अन् त्याच्यावर पाय ठेवा."

"कोणता पाय?" साहेब म्हणाले. प्रकरण अंगाशी आलं की आधी खुलासा मागवायचा, ही नोकरीतली सवय.

"प्लास्टरवाला."

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. "तू कुठून पाहून राह्यली?"

"टीव्हीतून. केव्हाची पाहून राह्यली."

टीव्हीत बुवा हात वर करून अभंगाचा अर्थ सांगत होते. त्यांच्या डोक्यावर, कॅमेऱ्याच्या कडेला, एक हिरवा दिवा लागलेला होता. साहेबांनी त्या दिव्याकडे पाहिलं आणि खरं सांगायचं तर त्यांनी सर्वांत आधी खुंटीवरचा सदरा ओढला. पिठाच्या हातांनी तो अंगात घालता घालता त्याचं काय व्हायचं ते झालं. मग त्यांना पायाची आठवण झाली.

रिमोटची बटणं एकामागून एक दाबल्यावर बुवा गेले आणि समीक्षा आली. ती रात्रपाळी करून नुकतीच खोलीवर आली होती, अंगात दवाखान्याचेच कपडे होते. रडली असावी, पण आता रडत नव्हती.

"आई, बोटं हालव."

अन्नपूर्णाबाईने हलवली. हलली, पण आळसावलेली.

"बाबा, अंगठ्याचं नख दाबा. आता सोडा. रंग परत येऊन राह्यला का?"

"येऊन राह्यला," साहेब म्हणाले. मग जवळ वाकून पाहिलं. "हळूहळू."

बोटं सुजून टम्म झाली होती आणि निळसर पडली होती. रोज तिथेच होती ती. रोज त्यांच्या डोळ्यांपुढे. साहेबांना ती आज दिसली.

"आत्ताच निघा," समीक्षा म्हणाली. "उद्या नाई. जेवून नाई. आत्ता."

राजकुमारने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि गाडी काढली. मागच्या सीटवर अन्नपूर्णाबाई पाय लांब करून बसली, पुढे साहेब. सगळ्या रस्त्याने ते नखांतलं पीठ काढत होते. कापूस निघून गेलेली रानं दोन्ही बाजूंनी उघडी पडली होती. साहेब सारखे मागे वळून पाहत होते.

डॉक्टरांनी प्लास्टर उभं कापलं. आतून पाय बाहेर आला तेव्हा अन्नपूर्णाबाईने डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. बोटांचा रंग हळूहळू परत आला. डॉक्टर म्हणाले, सूज चढली होती, त्यामुळे प्लास्टर आवळलं, आणखी थांबला असतात तर पाय गमवायची वेळ आली असती. मग त्यांनी विचारलं, "पाय खाली सोडून बसत होतात का?"

अन्नपूर्णाबाईने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे पाहिलं. दारात राजकुमार उभा होता.

"बसत होती," शेवटी साहेबच म्हणाले. "मी बैठकीत पीठ मळतो. ते तिले कडेला आल्याबिगर दिसत नाई."

राजकुमारने खिडकीतून बाहेर पाहायला सुरुवात केली. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

"कोणाच्या ध्यानात आलं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"पोरीच्या," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

"कुठं असते ती?"

बाई दमली होती. "टीव्हीत असते," ती म्हणाली.

संध्याकाळी समीक्षाचा कॉल आला. नवं प्लास्टर, पाय लोडावर, बोटांचा रंग, सगळं तिने पाहून घेतलं. मग ती बोलेना. साहेबांना वाटलं कॉल अडकला. त्यांनी रिमोट उचलला.

"ठेवा ते," समीक्षा म्हणाली. "मी इथं रोज परक्या म्हाताऱ्यायचे पाय उशीवर ठेवते बाबा. एकाचाही लोंबकळू देत नाई. अन् माह्या आईचा पाय महिनाभर लोंबकळून राह्यला, अन् मले तुम्ही गोधडी दाखोली."

"तुही परीक्षा..." अन्नपूर्णाबाई म्हणाली.

"परीक्षा मी देईन. पण तुम्ही हसून राह्यले म्हणजे बरं हाये, असं मी आता कसं मानू? आता रोज मले वाटन का टेबलक्लॉथच्या मांगं काय हाये."

साहेबांनी हातातला रिमोट खाली ठेवला. ते गावोगाव तपासणीला जात तेव्हा त्यांच्या येण्याच्या आदल्या दिवशी शाळेची पुढची भिंत रंगवलेली असायची, आणि मागची तशीच. त्यांना ते कळायचं. आपण येणार म्हणून कुणी तरी रात्रभर ब्रश मारला, यात त्यांना थोडा मानही वाटायचा. पण चहा पिऊन गाडीत बसल्यावर एक कोरडेपणा यायचा, आपल्याला कुणी आत घेतलंच नाही, असा. पोरीला आज तेच वाटत असेल, हे त्यांच्या लक्षात आलं. फक्त ती तपासणीला आली नव्हती. ती घरी आली होती.

ते उठले. फुलं बाजूला ठेवली, टेबलक्लॉथ काढला, टीपॉय भिंतीला लावला. दिवाण जसा होता तसा दिसायला लागला, खाली चपला, बेडपॅन, औषधाची पिशवी, सगळं.

"हे असं हाये," ते म्हणाले.

समीक्षा बघत राहिली. "हाव," ती म्हणाली. "आता दिसून राह्यलं."

तेव्हापासून त्या घरात कॉल नीट सुरूही होत नाही आणि नीट संपतही नाही. सुट्टीच्या दिवशी समीक्षा टीव्हीत बसून अभ्यास करते, मध्येच मान वर करून आईला बोटं हलवायला सांगते. अन्नपूर्णाबाई डाळ निवडते किंवा झोपते. कुणी फार बोलत नाही. रामराव एकदा येऊन म्हणाले, एवढं महागाचं मशीन घेऊन नुसतं गप्प बसायचं तर फायदा काय. साहेबांनी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

अशाच एका दुपारी कडकडीत ऊन होतं आणि हवा यावी म्हणून दार उघडं टाकलेलं होतं. समीक्षा तिच्याकडचा गार पाव चावत पुस्तक वाचत होती. तिने न बघताच विचारलं, "बाबा, भाजी काय केली आज?"

"वांग्याची," साहेब म्हणाले आणि दाराकडे पाहिलं. दारात तानाबाई उभी होती, हातात कुरड्यांची ताटली. तिने साहेबांकडे पाहिलं, त्यांच्या कमरेच्या टॉवेलकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं.

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही केली?"

टीव्हीतली समीक्षा चावायची थांबली. अन्नपूर्णाबाई डाळीत डोकं घालून बसली. साहेबांच्या तोंडात मेव्हणीचं नाव जवळपास आलं होतं. त्यांनी ते गिळलं, परातीतला हात पुसला आणि आतून एक ताट आणलं.

"हाव, मीच केली," ते म्हणाले. "मीठ जरा मांगंपुढं असन. बसा, वाढतो."